मदत हवी आहे : सोलापुरात पतसंस्थेचं पर्सनल लोन, कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी लाखभर रुपये पाहिजेत. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात आहे, पगार आठवड्याला रोख, सॅलरी स्लिप नाही, त्यामुळं बँकवाले दारातच उभं करत नाहीत ओ. मग पतसंस्था नाहीतर बचत गट, एवढंच उरतं.

साखर पेठ, अशोक चौक भागातल्या एक-दोन पतसंस्थांत विचारलं. एक म्हणते १२ टक्के, दुसरी १५, आणि १२ वाली स्वस्त वाटते पण ती फ्लॅट आहे बगा, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच व्याज, दोन वर्षांत २४ हजार, आणि १५ वाली घटत्या बाकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज, तिचा हिशोब केला तर साडेसोळा हजाराच्या आत येतं! हे कुणी आपणहून सांगत नाही. वर पतसंस्थेच्या शेअर्सपोटी कर्जातून कपात, प्रोसेसिंग फी आणि दोन जामीनदार, जामीनदार म्हटलं की पाव्हणे फोनच उचलेनात.

तर घटत्या बाकीवर देणारी, आठवड्याचा हप्ता घेणारी खात्रीची पतसंस्था कुणाला माहितीय का? मुदतीआधी फेडलं तर दंड लावतात का? आईच्या बचत गटातून पूर्ण रक्कम निघंल का, का थोडीच मिळते?

सावकार सुचवायचाच तर परवानावाला सुचवा, महिना ५ टक्केवाले आणि मोबाईल ॲपवाले नकोत, त्यांचं गल्लीत लई बघितलंय. इथंच सांगितलं तरी चालेल, मेसेज केला तरी चालेल, फी पुढच्या महिन्यात भरायचीय.