मदत हवी आहे: मुलं 'वॉकेड', 'स्टॉपेड' वाचतात

वैतागलेली_बाई: नववीच्या पोरांना इंग्रजी भूतकाळातल्या क्रियापदांच्या शेवटच्या 'ed'चा उच्चार सांगून सांगून घसा बसला. माझ्या मागून म्हणायला लावलं की नीट म्हणतात, पुस्तक हातात आलं की पुन्हा 'लूकेड', 'स्टॉपेड'. सोमवारपासून तोंडी परीक्षा आहे. पटकन होईल असं काहीतरी सांगा. 'सराव घ्या' नको, प्लीज.

पारावरचा: माध्यम कुठलं? मुलं किती? शब्दांवर पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवतात का?

डॅलसकर: मुळात ब्रिटिश शिकवताय की अमेरिकन? इकडे लेकीचं 'वॉटर' शाळेत कुणाला कळेना. 'वॉडर' म्हणायला लागली तेव्हा पाणी मिळालं.

पारावरचा: त्यांनी पाणी मागितलेलं नाही हो.

निवृत्त_मास्तर: नियम सोपा आहे, शिकवत कुणी नाही. मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड ऐकू आला तरच 'इड': वॉन्टिड, नीडिड. क, प, फ, स, श, च असेल तर 'ट': लुक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. बाकी सगळीकडे 'ड': प्लेड, ओपन्ड. पोरांना गळ्यावर बोटं ठेवून 'स्स्स' आणि 'म्म्म' म्हणायला लावा. क्रियापदाच्या शेवटच्या आवाजाला अशी थरथर लागली तर ड, नाही तर ट. स्पेलिंगकडे बघायचं नाही. 'लाफ'च्या शेवटी जीएच आहे, पण ऐकू येतो फ, म्हणून 'लाफ्ट'.

जुई_२२: 'विकिड', 'नेकिड' हे अपवाद आधीच सांगा, नाहीतर हुशार पोरं तिथेही नियम लावतील. अनेकवचनालाही हीच युक्ती चालते: कॅट्स, पण डॉग्ज. हा ज 'जरा'तला, 'जग'मधला नाही.

वैतागलेली_बाई: मराठी माध्यम, ५२ मुलं. हो, लिहितात. गाईडमध्येच 'वॉकेड' छापलंय!

पारावरचा: मग दुखणं तिथंच आहे. पोरं इंग्रजी वाचतच नाहीत, वरची मराठी ओळ वाचतात. खोडरबर वाटा.

निवृत्त_मास्तर: खोडू नका, दुरुस्त करा. 'वॉक्ट' देवनागरीत अचूक लिहिता येतं.

पारावरचा: आणि 'थिंक'चा थ? जीभ दातांत धरायची हे कुठल्या अक्षरात लिहिणार? अशीच पोरं दहावीत आली की न पाहिलेल्या उताऱ्यावर अडकतात.

निवृत्त_मास्तर: सोमवारी तोंडी आहे, दहावी नाही.

डॅलसकर: म्हणूनच मी म्हणतो, पहिलीपासून इंग्रजी माध्यम...

जुई_२२: आला विषय! त्यासाठी वेगळा धागा काढा. बाई, तोंडी घेणार कोण? तुम्हीच ना? मग गुण तुमच्याच हातात आहेत.

वैतागलेली_बाई: मीच, पण मुख्याध्यापक शेजारी बसणार. आणि माझा विषय विज्ञान, इंग्रजीच्या बाई रजेवर आहेत. गळ्याचं उद्याच करते. मास्तर, तोंडीच्या धड्यात 'डिसायडेड' आणि 'हेल्पेड' आहेत. पहिला 'डिसायडिड' आणि दुसरा 'हेल्प्ट', बरोबर ना?