प्रति: प्रत्येक वंशाचं वेगळं न्यायालय

आपल्या कल्पित राष्ट्रात माणूस, एल्फ (शेकडो वर्षं जगणारे, कल्पनाकथांतले लोक) अशा प्रत्येक वंशाला स्वतःचं न्यायालय आणि परिषदेत ठरावीक जागा, ही तुम्ही मांडलेली रचना मला मनापासून आवडली. पण खरी कसोटी दोन वंशांच्या तंट्यात लागते. ऑटोमन साम्राज्यात लग्न, वारसा हे विषय ज्या त्या धर्मसमुदायाकडे असत. मुसलमान आणि बिगरमुसलमान यांचं भांडण मात्र काझीपुढे जाई. आपल्या राष्ट्रात तो काझी कोण?

आयुर्मानाचंही बघा. बांधावरच्या दगडावरून माणूस आणि एल्फ भांडतायत. माणसाकडे पणजोबांचा जीर्ण कागद आहे, आणि एल्फ म्हणतो, 'हा दगड मी स्वतः रोवला, तेव्हा ते पणजोबा रांगत होते.' मग दाव्याची मुदत कुणाच्या आयुष्यावर मोजायची? वीस वर्षांची कैद दोघांना सारखी कशी? मला तर सगळा कायदा इथूनच रचावासा वाटतो.

परिषदेतल्या जागांबद्दल लेबनॉन आठवतं. तिथे 1932च्या जनगणनेच्या आधारे संसदेत ख्रिस्ती-मुस्लिम जागांचं प्रमाण 6:5 धरलं, त्यानंतर अधिकृत जनगणनाच झाली नाही. 1989च्या ताइफ करारात, दीर्घ यादवीच्या अखेरीस, ते निम्मं-निम्मं झालं. माणसांची संख्या झपाट्याने वाढणाऱ्या राष्ट्रात शिरगणतीची तारीख घटनेतच लिहून ठेवा.