वेग कमी म्हणजे मायलिन गेलंच का?

मायलिन म्हणजे नसेच्या धाग्यांवरचं चरबीयुक्त आवरण. ते झिजलं की नसेतल्या संदेशाचा वेग घटतो, हे बरोबर. पण त्यावरून 'एनसीव्ही (नसेतल्या संदेशाचा वेग मोजणारी चाचणी) रिपोर्टमध्ये वेग कमी आला म्हणजे मायलिन खराब' असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. आधी हात गार होता का ते विचारा! तापमान एक अंश सेल्सिअसने उतरलं की वेग सेकंदाला साधारण दीड ते दोन मीटरने पडतो, कारण थंडीत नसेतल्या सोडियमच्या वाहिन्या (सोडियम आत सोडून संदेश पुढे नेणारी सूक्ष्म दारं) सावकाश उघडतात आणि त्याहूनही सावकाश मिटतात. मनगट आणि कोपर अशा दोन ठिकाणी शॉक देऊन मधलं अंतर प्रतिसाद येण्याच्या वेळेतल्या फरकाने भागतात: २२० मिमी आणि ४ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. एसी खोलीत गारठलेल्या हातावर हाच आकडा ४५ च्या आसपास येऊ शकतो आणि नसेच्या आजाराचा नाहक संशय येतो.

ओळखायची खूण आलेखातच असते. गार हातात नसेच्या प्रतिसादाची लाट रुंद होतेच, पण उंचही होते. मायलिन गेलेलं असेल तर ती सहसा बुटकी आणि विस्कटलेली दिसते. म्हणून हाताची त्वचा किमान ३२ अंशांवर आणूनच मोजायचं. त्वचा लवकर तापते, आतली नस उशिरा, तेव्हा शेकल्यावर थोडं थांबायला हवं.