पहिलं पिस्तूल घेतोय, स्वस्तात मिलिटरी टाइप कुठलं बरं?

नवशिक्या:
मंडळी, लायसन्सचं काम मार्गी लागलंय, आता पहिलं पिस्तूल घ्यायचंय. वापर फक्त रेंजवर टार्गेट मारायला. मला ते हल्लीचे प्लॅस्टिकचे ठोकळे काही पटत नाहीत, जुन्या सैन्यातली पिस्तुलं आवडतात, सगळं लोखंडी, हातात घेतल्यावर वजन कळलं पाहिजे. बजेट बेताचं. डोक्यात सोव्हिएत सैन्यातली टोकारेव्ह आणि मकारोव्ह आहेत, एक मित्र म्हणतो डायरेक्ट १९११ ची (अमेरिकी सैन्याचं जुनं .४५ पिस्तूल) कॉपी घे. टोकारेव्ह सगळ्यात स्वस्तात पडतंय आणि दिसतंही भारी, म्हणून मन तिकडेच धावतंय. काय करू?

रेंजकर:
टोकारेव्ह नंतर कधीतरी हौस म्हणून घे, पहिलं म्हणून अजिबात नको. मूळ टोकारेव्हला, म्हणजे टीटी-३३ ला, सेफ्टीचा खटकाच नाही रे! हॅमर (मागचा घोडा) अर्ध्यावर अडकवायची एक खाच आहे, तीच काय ती सेफ्टी, आणि झिजलेल्या पिस्तुलात ती किती धरेल याची खात्री कोण देणार. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा) गोळी असताना हॅमर खाली आणायचा तर अंगठ्याने तो घट्ट धरायचा, ट्रिगर दाबायचा आणि हळूहळू सोडत न्यायचा, आता बोटाला तेल किंवा घाम असला आणि हॅमर निसटला की गोळी सुटलीच. नवीन माणसाने असले खेळ करू नयेत. नंतर बाहेर विकलेल्या बऱ्याच टोकारेव्हना वरून सेफ्टी बसवलेली असते पण मूळ डिझाइनमध्ये ती नव्हती हे लक्षात ठेव.
शिवाय टोकारेव्हची ७.६२×२५ ची गोळी (पहिला आकडा गोळीची जाडी, दुसरा केसची लांबी, मिमी मध्ये) जोरात जाते, आवाज आणि जाळ भरपूर. बघणाऱ्याला मजा, शिकणाऱ्याला त्रास, कारण आवाजाच्या धसक्याने माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच मनगट खाली झुकवायला लागतो आणि ती खोड एकदा लागली की जाता जात नाही.

तेलकट_चिंधी:
रेंजकरांशी सहमत. वर अजून एक, पिस्तूल स्वस्त म्हणून खूश होऊ नकोस, खरा खर्च गोळ्यांचा. जुन्या लष्करी साठ्यातल्या गोळ्या स्वस्त मिळाल्या तरी त्यातल्या बऱ्याच जणींच्या प्रायमरमध्ये (बुडातली, दारू पेटवणारी टिकली) पोटॅशियम क्लोरेट असतं, ते जळून मागे क्षार राहतो, तो हवेतली ओल ओढतो आणि नळी गंजते. नुसतं तेल फिरवून क्षार जात नाही, आधी गरम पाण्याने धू, कोरडं कर, मग तेल. तेही त्याच दिवशी, उद्यावर ढकलायचं नाही.
मकारोव्ह मात्र मला आवडतं. १९५१ पासून सोव्हिएत सैन्यात होतं, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या, नळी फ्रेमला पक्की बसवलेली, पार्ट मोजके. उघडायला हत्यार लागत नाही, मॅगझिन काढ, चेंबर बघ, ट्रिगर गार्ड खाली ओढ, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे नेऊन मागचं टोक उचल आणि पुढे काढून घे, झालं. सेफ्टी वर केली की हॅमर स्वतःच सुरक्षित खाली येतो, अंगठ्याची कसरत नाही. वाईट बाजू म्हणजे स्प्रिंग कडक आणि मॅगझिन सोडायची कळ मुठीच्या तळाला. आणि गोळी ९×१८ची, नेहमीची ९×१९ नव्हे! मकारोव्हच्या बुलेटचा व्यास साधारण ९.२७ मिमी, दुसरीचा ९.०१, नावात ९ दिसलं म्हणून एकमेकांच्या जागी चालवायच्या नाहीत.

लोखंडप्रेमी:
मी जरा वेगळं सांगतो. तुला लोखंड हवंय ना, मग सीझेड ७५ किंवा तिची इटालियन, तुर्की भावंडं बघ. गंमत म्हणजे ही मूळची सैन्यासाठी नव्हतीच, चेकोस्लोव्हाकियाने १९७५ च्या सुमारास निर्यातीसाठी काढली, म्हणून तर वॉर्सा करारवाल्यांची (सोव्हिएत गटातल्या देशांची) गोळी सोडून ९×१९ घेतली. तीच आज तुझ्या फायद्याची, ही गोळी जगभर सर्रास चालते. वजनामुळे धक्का कमी जाणवतो. स्लाइड फ्रेमच्या आतून धावते त्यामुळे पकडायला जागा कमी, ओल्या हाताने ओढताना वैताग येतो, तेवढं सोसायचं.
१९११ वाईट नाही, अमेरिकी सैन्याचं १९८५ पर्यंत तेच मुख्य पिस्तूल होतं, पण .४५ च्या गोळ्या खिसा रिकामा करतील. ९ मिमी मधली कॉपी मिळाली तर गोष्ट वेगळी.

नवशिक्या:
टोकारेव्ह बाद मग 😅 सीझेड टाइप सेकंडहँड बघतो. हातात आल्यावर नक्की काय तपासू?

तेलकट_चिंधी:
आधी मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर डोळ्यांनी बघ आणि बोट घालूनही बघ. विकणारा "रिकामंच आहे" म्हणाला तरी बघ. मग नळी काढून उजेडाकडे धर, आतल्या पन्हाळी धारदार दिसल्या पाहिजेत, काळे खड्डे दिसले तर भाव पाड नाहीतर सोड. मालकाला विचारून रिकाम्या पिस्तुलाचा हॅमर मागे अडकव आणि ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने हॅमर पुढे ढकल, घसरला तर सीयर (हॅमर अडकवून धरणारा तुकडा) झिजलंय, सरळ परत कर. स्लाइडला, फ्रेमला बारीक चीर आहे का तेही बघ. रिकॉइल स्प्रिंगचा (स्लाइड परत पुढे ढकलणारी) विचार करू नको, ती स्वस्त असते, आल्या आल्या नवीन टाक.

रेंजकर:
आणि जादा मॅगझिन मिळतात का ते घेण्याआधी विचार. जुन्या कॉपीला मॅगझिनच मिळत नाही म्हणून धूळ खात पडलेली पिस्तुलं खूप बघितलीत.