युगांडात सेवेत आहोत, मूल दत्तक घ्यायचंय. इथलं की भारतातलं?

लालधूळ

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी नर्स, नवरा मोटार मेकॅनिक. दोघं एका मिशनतर्फे युगांडात आहोत, जिंजापासून तासभर आत. नवरा इथल्या मुलांना गाड्या दुरुस्त करायला शिकवतो, मी दवाखान्यात असते. चौथं वर्ष चालू आहे. लग्नाला अकरा झाली, मूल नाही आणि आता होणारही नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तो विषय आमच्यापुरता संपलाय, तेव्हा कृपा करून त्यावर उपाय सुचवू नका, सगळे ऐकून झालेत.

इथे लेकुरवाळ्या बाईला सहसा तिच्या नावाने हाक मारत नाहीत, मुलाच्या नावाने मारतात. माऽमा जोसेफ, माऽमा ग्रेस असं. (आपल्या कानाला मामा म्हणजे आईचा भाऊ, त्यामुळे पहिल्या महिन्यात नवऱ्याला फार हसू यायचं.) मला चौथं वर्ष लागलं तरी 'न्याबो'च म्हणतात, म्हणजे बाई, मॅडम. कुणी वाईट हेतूने नाही म्हणत, पण सकाळी नळावर जेरीकॅन घेऊन रांगेत उभी असते तेव्हा पुढे-मागे सगळ्या माऽमा आणि मधे मी एकटी न्याबो, ते रोज कुठेतरी लागतंच.

आता मुद्दा. मिशनशी जोडलेलं एक बाळगृह आहे, दर मंगळवारी मी तिथे तपासणीला जाते. तिथे एक मुलगा आहे, अजून दोन वर्षांचाही नाही. मागच्या पावसाळ्यात मलेरियाने अंगातलं रक्त इतकं कमी झालं होतं की तीन रात्री मी त्याच्या उशाशी बसून काढल्या. आता माझ्या चपलांचा आवाज ओळखतो, बाकीची पोरं दारात येतात आणि हा सरळ माझा पाय धरून बसतो. बाळगृहाचे प्रमुख म्हणतात देवानेच जुळवून आणलंय, तुम्ही हो म्हणा, कागद सहा महिन्यांत करून देतो. त्या रात्री आम्ही दोघं झोपलोच नाही, आनंदानेही आणि भीतीनेही, कारण 'कागद करून देतो' हे ज्या सहजतेने आलं ते मला खटकलं.

आमचे दोघांचे पासपोर्ट भारतीय. हे असं होतं का? की भारतातून कारा (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) मार्फत जावं? आम्हाला पगार नाही, चर्चच्या मंडळ्यांकडून सपोर्ट येतो, तो उत्पन्न म्हणून धरतात का? आणि उद्या मिशनने बदली केली तर? कुणी यातून गेलं असेल तर सांगा. प्रार्थना करा म्हणणार होते, पण आधी माहिती द्या.

कायद्याचं_बोला

सहा महिने विसरा. युगांडाचा बाल कायदा २०१६ साली बदलला. परदेशी माणसाला दत्तक घ्यायचं तर देशात किमान एक वर्ष राहिलेला हवा, आणि ते मूल किमान एक वर्ष प्रोबेशन अँड सोशल वेल्फेअर ऑफिसरच्या (मुलांचं बघणारा सरकारी अधिकारी) देखरेखीखाली फॉस्टर म्हणून, म्हणजे दत्तकाआधी तात्पुरतं, अर्जदाराच्या घरी वाढवलेलं हवं. पूर्वी ही मुदत तीन वर्षं होती म्हणून लोक पळवाट काढायचे, कोर्टाकडून नुसतं 'कायदेशीर पालकत्व' घ्यायचे आणि मूल घेऊन विमानात बसायचे. २०१६ नंतर ते पालकत्व फक्त युगांडाच्या नागरिकांनाच मिळतं. परदेशी अर्जदाराचं प्रकरण हाय कोर्टातच चालतं. अपवाद म्हणून कोर्ट अटी शिथिल करू शकतं, पण अपवादाच्या भरवशावर कुणी घर बांधू नये.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच कायद्यात लिहिलंय की परदेशी दत्तक हा शेवटचा पर्याय. आधी आईबाप, मग नातेवाईक, मग देशातलं दुसरं कुटुंब.

समजा सगळं झालं, आदेश मिळाला. तरी मूल युगांडाचं नागरिक. परदेशी दत्तकाचा जो आंतरराष्ट्रीय हेग करार आहे त्यात युगांडा नाही, भारत आहे. त्याला भारतात आणायचं तर व्हिसा, गृहमंत्रालय, कारा ही वेगळी वारी. अशक्य नाही, पण आदेश हातात पडल्यावर चौकशी करायची चूक करू नका, कंपालाच्या भारतीय हाय कमिशनमध्ये आत्ताच जाऊन विचारा.

भारतातून घ्यायचं असेल तर तुम्ही एनआरआय धरले जाल (भारतीय पासपोर्ट आणि वर्षाहून जास्त बाहेर). एनआरआयना निवासी भारतीयांइतकाच प्राधान्यक्रम आहे. जिथे हेगचं केंद्रीय प्राधिकरण किंवा अधिकृत संस्था नाही तिथे अर्ज हाय कमिशनमार्फत जातो. होम स्टडी, म्हणजे सोशल वर्करने तुमच्या घराची केलेली पाहणी, तिचा अहवाल तीन वर्षं ग्राह्य धरतात.

अजून एक, कारण ख्रिस्ती लोक मला हे नेहमी विचारतात आणि अर्ध्यांना चुकीचं सांगितलेलं असतं. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा तुम्हाला लागू नाही, हे खरं. पूर्वी ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी जोडप्यांना १८९० च्या कायद्याने फक्त पालकत्व मिळायचं, मूल सज्ञान झालं की कायद्याच्या लेखी नातं संपलं. आता तसं नाही. बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माचं जोडपं पूर्ण दत्तक घेऊ शकतं, सुप्रीम कोर्टानेही २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात हे मान्य केलंय. आणि २०२२ पासून आदेश कोर्ट नाही, जिल्हाधिकारी देतात.

जुनी_सिस्टर

लालधूळ बाई, मी पूर्व आफ्रिकेत नऊ वर्षं होते, आता परत आलेय. तुमचं वाचून हात थरथरला, कारण माझ्याही आयुष्यात एक असंच पाय धरून बसणारं पोर होतं, माझ्या बाबतीत मुलगी.

रागवू नका पण मला पहिला प्रश्न हाच पडतो की त्याची माणसं कुठायत? बाळगृहात आहे म्हणजे अनाथ आहे असं आपण धरून चालतो, आणि तिथेच चुकतो. युनिसेफच्या हिशोबात एक पालक गेला तरी मूल 'ऑर्फन' मोजतात, म्हणजे त्या मोठमोठ्या आकड्यांतल्या बहुतेक मुलांची आई नाहीतर बाप जिवंत असतो. आमच्याकडे तर आई बाळंतपणात गेली, बापाला डबा-दूध परवडेना म्हणून सोडलेलं बाळ, असंच जास्त असायचं. त्यांनी मूल टाकलेलं नसतं हो, ठेवलेलं असतं. मोठं झालं की न्यायचं असं त्यांच्या डोक्यात असतं. खेड्यात मूल शिकायला कुणा बऱ्या घरी ठेवणं ही नेहमीची गोष्ट, पण सही केली की नातं कायमचं तुटतं असं दत्तक त्या आजीला कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

आणि हे फक्त माझं मत नाही. २०२० मध्ये अमेरिकेने युगांडाच्या दोन न्यायाधीशांवर आणि एका वकिलीणबाईवर निर्बंध लावले ते याचसाठी, खेड्यातल्या आईबापांना सांगायचे मूल कंपालाला शिकायला नेतो, आणि ते मूल दत्तक म्हणून परदेशात. हैतीचं आठवतंय का, २०१० च्या भूकंपानंतर? दहा अमेरिकन, चर्चची माणसं, ३३ मुलांना घेऊन सीमा ओलांडायला निघाली आणि पकडली गेली. नंतर कळलं की मुलांची आई नाहीतर बाप हयात आहे. ती काही गुंड नव्हती, आपल्यासारखीच प्रार्थना करून निघालेली माणसं होती, मला तर तेच जास्त भीतीदायक वाटतं.

तुमच्या मनाला तो सूर खटकला ना, तो खटका धरून ठेवा. तुम्ही तिथे नर्स आहात, तुमच्या मिशनकडून त्या घराला मदत जात असणार, मग प्रमुख तुम्हाला नाही कसं म्हणतील? खेड्यातली आजी तर त्याहून नाही म्हणणार नाही. प्रोबेशन ऑफिसरला स्वतः भेटा, फाईल बघायला मागा, एलसी वन चेअरमनचं (गावच्या परिषदेचा प्रमुख) पत्र आहे का, मूल कुठून आलं, कुणी आणलं. बाळगृहाच्या माणसाला मधे घेऊ नका.

उगाच_आलो

आधी धर्म वाटायला जायचं आणि येताना त्यांची मुलं घेऊन यायचं, वा.

जुनी_सिस्टर

@उगाच_आलो वरचं सगळं वाचलंत तर दिसेल की आम्ही नेमकं तेच होऊ नये म्हणून डोकं फोडतोय. तुमचा टोमणा अगदीच खोटा नाही म्हणून उत्तर दिलं, नाहीतर दिलं नसतं.

दोन_रिपोर्टचा_बाप

आम्ही आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका देशात असताना कारामार्फत मुलगी घेतली. मिशनरी नाही, पण कंत्राटी नोकरी, म्हणजे अनिश्चितता सारखीच. कामाचं तेवढं सांगतो.

सपोर्टचं म्हणाल तर होम स्टडीत पगाराची स्लिपच पाहिजे असा हट्ट नसतो, पैसा नियमित येतो का आणि पुढे येणार का ते बघतात. मिशनच्या लेटरहेडवर पत्र घ्या: इतकी वर्षं सेवेत, दरमहा इतका सपोर्ट, घर आणि औषधपाणी कोण बघतं, करार कधीपर्यंत. सोबत बँकेची स्टेटमेंट. प्रार्थनापत्रात लिहितो तशी भाषा तिथे नको. 'प्रभू पुरवतो' हे खरं असलं तरी सोशल वर्करला आकडा लागतो.

पोलिस सर्टिफिकेट दोन्हीकडची लागतील, युगांडाचं कंपालात इंटरपोलकडून आणि भारताचं हाय कमिशनमधून. दोन्हीवर तारीख असते, एक येईपर्यंत दुसरं शिळं होतं, आमची तीच एक फेरी फुकट गेली.

बदलीचा प्रश्न तुम्ही शेवटी सहज टाकलाय पण खरी मेख तिथे आहे. परदेशात नेलेल्या मुलाचा प्रगती अहवाल दोन वर्षं द्यावा लागतो, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. मधेच देश बदलला तर अहवाल कोण करणार? मिशनकडून आत्ताच लेखी घ्या की मूल आल्यावर दोन वर्षं हलवणार नाही. तोंडी नको. तोंडी आश्वासन देणारा माणूसच सहा महिन्यांत बदलून जातो.

वयाचं बघा. दोघांच्या वयाची बेरीज दोन वर्षांखालच्या मुलासाठी ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १०० च्या आत लागते. आणि लहान, धडधाकट बाळाची वाट तीन वर्षांच्या पुढेच धरा. आमची लेक आली तेव्हा सहा वर्षांची होती, आम्ही मोठ्या वयाचं मूल चालेल म्हटलं म्हणून लवकर आली. पहिले चार महिने ती कपाटात चपात्या लपवून ठेवायची. आम्ही रागावलो नाही, कपाटातच एक डबा ठेवून दिला. आता डब्यात पेन्सिली असतात.

लालधूळ

सात आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, मधे सोलरची बॅटरी गेली होती आणि मनही नव्हतं.

सिस्टर, तुमचं ऐकलं. प्रोबेशन ऑफिसरला भेटलो, बाई भली निघाली. फाईलमध्ये दोनच कागद होते, एकावर 'नातेवाईक नाहीत' आणि दुसऱ्यावर ज्या माणसाने मूल आणून सोडलं त्याचं नाव आणि गाव. पहिला कागद लिहिणाऱ्याने दुसरा वाचला नव्हता, एवढंच म्हणते.

ऑफिसर, नवरा आणि मी दोन बोडा (भाड्याच्या मोटरसायकली) करून गेलो. मुरमाचा रस्ता, त्यात पाऊस, दोनदा उतरून गाडी ढकलली. गावात जज्जा सापडली, जज्जा म्हणजे आजी. मुलाची आई तिची धाकटी लेक, बाळंतपणानंतर दहा दिवसांत गेली. आणून सोडणारा तिचा भाचा. आजीने फोटो बघितला, माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि परत देईचना. मग ऑफिसरला विचारलं, दात आले का, चालतो का, आणि आता घरी कधी आणायचं? तिच्या लेखी तो दूध सुटेपर्यंत तिथे होता. मी मधे काहीच बोलले नाही, बोलता आलंच नसतं.

आता ऑफिसर त्याला हळूहळू घरी पाठवायचं बघतेय, आधी आजीच्या भेटी, मग काही दिवस मुक्काम. मंगळवारी मी अजून जाते, तो अजून पाय धरतो, आणि मी त्याला आजीचा फोटो दाखवते. पहिल्या दिवशी घरी येऊन नवऱ्याने गॅरेजमध्ये एक चांगलं चाललेलं इंजिन पूर्ण खोललं आणि परत जोडलं. रात्री अकरापर्यंत.

काराचा अर्ज भरला, मागच्या गुरुवारी. आम्ही चार ते आठ वयाचं लिहिलंय, दोन_रिपोर्टचा_बाप, तो डब्याचा किस्सा नवऱ्याला वाचून दाखवला होता. मिशनचं दोन वर्षांचं पत्र अजून लेखी आलेलं नाही, मागे लागलेय.

निघताना आजीने मला विचारलं होतं, तू कुणाची माऽमा? मी म्हटलं अजून कुणाची नाही. तिने परसात जाऊन एक कोंबडी धरली, पाय बांधले आणि माझ्या हातात दिली, नातवाला सांभाळल्याबद्दल. ती तासभर बोडावर माझ्या मांडीत बसून आली. शेजारणी रोज विचारतात कधी करणार, पण नवरा तिला हात लावू देत नाही. काल तिने अंडं घातलं, जॅकच्या खाली, काढताच येत नाहीये.