मदत हवी आहे: थायमोसिन अल्फा-१, थायमोपेंटिन, थायमोजेन की थायमोमोड्यूलिन? (इंदूर, घाई आहे)

रामबागकर
नमस्कार. प्रतिकारशक्तीसाठी थायमस ग्रंथीची पेप्टाइडं (प्रथिनांचे छोटे तुकडे) सुरू करायचं घरात ठरलं आहे. चुलतभावाने चार नावं पाठवली आहेत, ती वर दिलीच आहेत. यांतलं सगळ्यांत गुणकारी कोणतं, किती दिवस घ्यायचं आणि दवा बाजारात मिळेल का, एवढंच सांगा. 'आधी डॉक्टरांना विचारा' हे कृपया नको. विचारलं, ते 'बघू' म्हणाले. शनिवारी भावाला सुट्टी आहे, तेव्हाच आणायचं आहे.

तिलकनगरची ताई
कुणासाठी? वय काय? नेमका त्रास काय होतो?

रामबागकर
आईसाठी. वय ६८. सारखी आजारी पडते. आता तुलना सांगा.

व्यायामवेडा
थायमोसिन बिनधास्त घ्या. मी टीबी-५०० घेतलं, सहा महिन्यांचा दुखरा खांदा मोकळा झाला. ऑनलाइन मिळतं, पावडर असते, पाणी घालून स्वतःच टोचायचं.

सूक्ष्मदर्शी
व्यायामवेडा, तुमचं औषध वेगळं आहे. टीबी-५०० या नावाने विकतात ते थायमोसिन बीटा-४ च्या घराण्यातलं. बीटा-४ मध्ये ४३ अमिनो आम्लं, ते शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत असतं आणि ॲक्टिन या पेशीतल्या प्रथिनाला बांधून ठेवतं. प्रतिकारशक्तीच्या औषधाशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. खेळाडूंना त्यावर बंदी आहे. आणि 'फक्त संशोधनासाठी' छापलेली कुपी ६८ वर्षांच्या बाईंना टोचायला सांगू नका.

रामबागकर, तुमच्या यादीबद्दल. थायमस छातीच्या हाडामागे असते, टी पेशी तिथे तयार होतात. तिचं काम जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवर दाखवलं. वयात आल्यावर ती आक्रसत जाते, म्हणून म्हातारपणी तिचंच औषध द्यावं ही कल्पना चटकन पटते. पण चारही औषधं एका मापाची नाहीत.

थायमोसिन अल्फा-१ वर सगळ्यांत जास्त अभ्यास झाला आहे. २८ अमिनो आम्लं. ॲलन गोल्डस्टीन यांच्या गटाने ते वासराच्या थायमसमधून वेगळं केलं, आता रासायनिक पद्धतीने बनवतात. हिपॅटायटिस बी साठी अनेक देशांत मान्यता आहे. नेहमीचा डोस १.६ मिलिग्राम, कातडीखाली, आठवड्यातून दोनदा; कुपी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. पण चीनमध्ये ११०६ सेप्सिस (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं) रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये आले, त्यात २८ दिवसांतल्या मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही.

थायमोपेंटिन पाचच अमिनो आम्लांचं, रक्तात अर्ध्या मिनिटात निम्मं होतं. थायमोजेन दोन अमिनो आम्लांचं. ते मुख्यतः रशियात वापरतात आणि त्यावरचे बहुतेक अभ्यासही तिथलेच. थायमोमोड्यूलिन म्हणजे वासराच्या थायमसचा अर्क, तोंडाने घ्यायचा. आईंना चालणार आहे का, हे आधी विचारा. आमच्या घरात तेवढ्यावरच विषय संपला असता.

'सारखी आजारी पडते' यासाठी यांतलं एकही पक्क्या पुराव्याने उभं नाही.

अंगणातली गुळवेल
एवढी रसायनं कशाला? गुळवेलीचा काढा रोज सकाळी. आमच्या घरी चार वर्षं कुणाला साधा ताप नाही. कंपन्यांना हे सांगायचं नसतं.

तिलकनगरची ताई
२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृत बिघडलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यांतल्या काहींना आधीपासून स्वप्रतिकार विकार (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उठते असे) होते.

अंगणातली गुळवेल
आयुष मंत्रालयाने त्याला तेव्हाच आक्षेप घेतला होता, तेही सांगा. भेसळीची वेल घेतली तर वेलीचा काय दोष?

तिलकनगरची ताई
आक्षेप घेतला होता, बरोबर. पण आईंना दुसरे कुठले आजार आहेत ते कळल्याशिवाय काढा काय आणि इंजेक्शन काय, दोन्ही आंधळेपणाने देणं आहे. रामबागकर, रोजची औषधं कोणती चालू आहेत?

सराफ्याचा शेजारी
दवा बाजारात शनिवारी दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही भिया, सकाळीच जा. आणि घरून बर्फाचा थर्मास न्या.

रामबागकर
बर्फाचं बरं सांगितलंत. औषधं संधिवाताची, जुनीच आहेत. याच्याशी संबंध नाही. मेथोट्रेक्सेट आणि प्रेडनिसोलोन. मागच्या वर्षी नागीण झाली, आता दोन-तीनदा लघवीला जंतुसंसर्ग. म्हणून तर प्रतिकारशक्ती वाढवायची आहे.

सूक्ष्मदर्शी
सगळा संबंध इथेच आहे. या औषधांवरून हा संधिवात म्हणजे आमवात दिसतो. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उठते. तिला शांत ठेवायला ही दोन औषधं मुद्दाम दिलेली असतात. नागीण आणि वारंवार होणारे संसर्ग त्यातून येऊ शकतात. थायमोसिन अल्फा-१ च्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे की अवयवरोपणासारख्या कारणाने ज्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली आहे त्यांनी ते टाळावं. एका हाताने दाबायचं आणि दुसऱ्याने चेतवायचं, हे आईंच्या सांध्यांवरच निघू शकतं. प्रेडनिसोलोनने साखर वाढते, त्यानेही लघवीचे संसर्ग होतात. तीन महिन्यांची साखर तपासली का? फ्लूची आणि न्यूमोनियाची लस? नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस भारतात २०२३ पासून मिळते.

व्यायामवेडा
खांद्याचं मी खरंच सांगितलं, उगाच खोटं पाडू नका.

तिलकनगरची ताई
खांदा राहू द्या हो. रामबागकर, दोन गोष्टी लगेच बघा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात ना? आणि लघवीच्या संसर्गावर कोणतं अँटिबायोटिक दिलं होतं? माझ्या सासूबाईंनाही हेच औषध आहे, म्हणून धास्तावून विचारते.

रामबागकर
आठवड्यातून एकदाच, रविवारी. अँटिबायोटिक आमच्या गल्लीतल्या दुकानातून आणलं होतं. पाकिटावर को-ट्रायमोक्सॅझोल लिहिलं आहे. आज पाचवा दिवस.

सूक्ष्मदर्शी
ही गोळी आता पुढची देऊ नका. को-ट्रायमोक्सॅझोल आणि मेथोट्रेक्सेट एकत्र आले की अस्थिमज्जेवर (हाडांतल्या रक्तपेशी बनवणाऱ्या गरावर) मार बसतो, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरू शकतात. म्हाताऱ्या माणसांत आणि मूत्रपिंडं मंद असतील तर जास्तच. तोंडात फोड आहेत? ताप? अंगावर निळे डाग?

रामबागकर
तोंडात फोड आहेत. आम्हाला वाटलं तिखटामुळे. कालपासून कणकण आहे, जेवतही नाही.

सूक्ष्मदर्शी
मग शनिवार सोडा, आज रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्या. रक्तातल्या पेशींची मोजणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि यकृताची तपासणी मागा. दारातच सांगा: 'मेथोट्रेक्सेटवर आहे, पाच दिवस को-ट्रायमोक्सॅझोल घेतलं, तोंडात फोड आहेत.' मेथोट्रेक्सेटची पुढची गोळी डॉक्टरांनी सांगेपर्यंत देऊ नका. प्रेडनिसोलोन मात्र एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं.

अंगणातली गुळवेल
काढाही आत्ता देऊ नका. आधी तपासणी करा.

रामबागकर
भाऊ गाडी काढतोय. एमवाय रुग्णालय जवळ पडतं, तिथेच जातो.

तिलकनगरची ताई
सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामीसुद्धा. आणि जुने पर्चे.