मित्रांसोबत पहिल्यांदाच स्कीइंग: शिकायचं कसं?

प्रश्न: आम्ही पाच जण हिवाळ्यात चार दिवस बर्फात जातोय. दोघांना स्कीइंग येतं, तिघं नवखे. त्या दोघांनीच शिकवलं तर चालेल का? आणि बूट कसे निवडायचे?

उत्तर १: शिकवणं प्रशिक्षकावर सोडा, मैत्रीसाठीही तेच बरं. जाणते मित्र प्रेमापोटी लवकर वर नेतात. मग भीतीने अंग मागे झुकतं, स्कीच्या पुढच्या टोकांवरचा भार जातो आणि स्की वळतच नाहीत. तिघांनी सकाळी एकत्र धडा घ्यावा, दुपारी पाचही जणांनी सोप्या उतारावर भेटावं.

उत्तर २: बुटात एकच पातळ, लांब मोजा. दोन घातले की पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं गारठतात. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत. टाच उचलली गेली तर बूट मोठा आहे. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) लावणाऱ्याला वजन खरं सांगा, त्यावरून तो तिचा आकडा ठरवतो. आकडा चुकला तर पडताना स्की वेळेवर सुटत नाही, गुडघा पिळवटतो.

उत्तर ३: आधी थांबायला शिका. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली, नडग्या बुटाच्या जिभेवर दाबलेल्या. टोकं एकमेकांवर चढली की पडलातच. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या घ्या, नाहीतर उठता उठताच घसराल.

उत्तर ४: गप्पांसाठी उताराच्या कडेलाच थांबा, वरून येणाऱ्याला दिसाल असं. चढाच्या आड कधीच नाही.